प्रार्थनेचा विषय

रविवार, १४ मे
उपासनेहून आल्यावर

प्रिय जिराफे,

ख्रिस्तात सप्रेम सलाम. तुझं पत्र येऊन आज सोळा दिवस झाले. उत्तराला इतका उशीर मी आजवर कधी केला नव्हता, तेव्हा तू काळजीत असशील, नाहीतर चिडली असशील. चिडलीस तरी चालेल. फक्त पत्र शेवटपर्यंत वाच, मध्येच बाजूला ठेवू नकोस.

तुझ्या मास्तरांचं बोट बरं आहे ना? पुठ्ठा कापताना सुरी निसटली असं तू लिहिलं होतंस. ज्या माणसानं जन्मभर पियानो शिकवला, त्यानं पन्नाशीनंतर पुस्तकबांधणी शिकावी आणि तीही अशी सुबक करावी, याचं मला फार फार कौतुक वाटतं. त्यांनी पाठवलेल्या वहीत मी परवापर्यंत एक अक्षर लिहिलं नव्हतं. अधूनमधून नुसती हातात घेऊन बघायचे.

इकडे सगळं ठीक. लॉन्ड्रीत नवं मशीन आलंय, ते जुन्यापेक्षा जास्त ओरडतं. मालक मात्र पाहुण्यांना घर दाखवावं तसं ते सगळ्यांना दाखवतात. आज पाळकसाहेबांचा उपदेश वीस मिनिटांत आटोपला, तर लोक उठायलाच तयार नव्हते. कुणाला खरंच वाटेना. माझे गुडघे ठणठणीत आहेत. हे मुद्दाम लिहिते आहे. महिला मंडळाच्या प्रार्थनासभेला मी का जात नाही, याचं कारण म्हणून सात वर्षं मी तुला गुडघेच सांगत आले आहे.

ते पुढे येईलच. आधी कडकमावशींबद्दल सांगू दे.

कडकमावशी दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे इस्त्रीला लागल्या. पासष्टीच्या पुढे असतील. हे नाव मीच ठेवलं, इस्त्रीवरून आणि चेहऱ्यावरून. आल्या तेव्हा मला वाटलं, ही बाई काही आपल्याशी दोन शब्द बोलायची नाही. आता त्या एक दिवस आल्या नाहीत तर मला दुकान खायला उठतं.

आमची पद्धत तुला माहीत आहे. कपडा धुवायला जाण्याआधी खिसे रिकामे करायचे. जे निघेल ते पाकिटात घालायचं, पाकिटावर कपड्याचा नंबर टाकायचा, चिकटवायचं आणि कपड्याबरोबर परत द्यायचं. मी आपली खिशात हात घालून एकेक वस्तू बाहेर काढायची. मावशी तसं करत नाहीत. त्या पाकिटाचं तोंड खिशाला लावतात, खिसा बाहेरून धरून पाकिटातच उलटा करतात आणि तेवढा वेळ समोरच्या घड्याळाकडे बघत राहतात. पेन किंवा टोकदार काही असेल तर ते बोटांना आधीच कळतं. बाकी काय होतं, ते त्यांना ठाऊकच नसतं.

पहिल्या दिवशी मी हसले. म्हटलं, "काय मावशी, आंधळी कोशिंबीर खेळताय की काय?"

"डोळे चांगले आहेत गं माझे," त्या म्हणाल्या, "म्हणूनच तर."

मला वाटलं, चला, आणखी एक अतिपवित्र बाई पदरात पडली. तशा आपण पुष्कळ पाहिल्यात. पण मावशी कुणाला शिकवायला जात नाहीत. मी माझ्या पद्धतीनं खिसे उपसत होते, त्या त्यांच्या पद्धतीनं उलटत होत्या, आणि वर्षभरात कधीतरी मीही घड्याळाकडे बघायला लागले.

मग गेल्या महिन्यात अध्यक्षीणबाईंचा कोट आला. तीच ती, महिला मंडळाची. मावशी मागे वाफेच्या इस्त्रीवर होत्या, म्हणून खिसे मी करत होते. आतला खिसा उलटताना अस्तरात अडकलेला एक कागद अर्धा उघडून वर आला. वरची ओळ दिसलीच. 'हे घरात कुणाजवळ बोलू नकोस.' अक्षर बाईंच्या मुलीचं होतं.

जिराफे, मला काय झालं ते सांगू? आनंद झाला. घडी उघडायला एक बोट पुरे होतं, आणि दुकानात चिटपाखरू नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे डोक्यात लगेच वाक्य तयार झालं, 'पोर अडचणीत असेल, कळलं तर प्रार्थना तरी करता येईल.'

ते वाक्य ऐकलं आणि मी घाबरले. ते माझ्या ओळखीचं होतं.

"मावशी!" मी ओरडले. "आधी इकडे या!"

त्या इस्त्री तशीच उभी करून धावत आल्या. त्यांना वाटलं, माझं बोट मशीनमध्ये गेलं. मी कागद असा धरलेला, हात लांब, मान दुसरीकडे. त्यांनी खांद्यावरचा ओला फडका कागदावर टाकला, फडक्यासकट कागद उचलला, पाकिटात सरकवला, चिकटवला. मग स्टूल ओढून मला बसवलं. मी रडायला लागले होते.

"मावशी, मी पन्नाशी ओलांडली," मी म्हटलं. "दर रविवारी चर्चला जाते. अजून मनात असलं येतं म्हणजे मी काय कमावलं?"

"येणारच," त्या म्हणाल्या. "आला म्हणजे पाप झालं असं कुठे आहे? मोह प्रभूलाही आला होता, रानात. तू काय त्याच्याहून मोठी लागून गेलीस?"

मला रडतानाच हसू फुटलं.

"इस्त्री गरमच असते गं. गरम आहे म्हणून कपडा जळत नाही, ती एका जागी थांबली की जळतो. तू थांबली नाहीस, हाक मारलीस. झालं तर मग."

"तुम्ही तर बघतच नाही. तुम्हाला कसला मोह?"

"मी वाचलेलं आहे," त्या म्हणाल्या. "एकदा. पहिल्या दुकानात." आणि उठून इस्त्रीकडे गेल्या.

काय वाचलं होतं ते मी विचारलं नाही. माझं कौतुक कर, प्रश्न अगदी दातांपर्यंत आला होता. पण तेव्हा मला कळलं की ही बाई अतिपवित्र वगैरे नाही. आपण कुठे घसरतो ते तिला ठाऊक आहे, आणि रोज सकाळी ती त्या जागेला वळसा घालून जाते. अशा माणसाबद्दल मला जेवढा आदर वाटतो तेवढा कधी न घसरलेल्याबद्दल वाटत नाही.

त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं.

तू लिहिलंस, दादांचं पुन्हा पत्र आलं, या खेपेला पाकिटावर अक्षर वहिनींचं, तू अजून ते उघडलेलं नाहीस. मास्तर म्हणतात, आता पुरे कर. आणि तू मला विचारलंस, 'सख्ख्या भावानं विश्वासघात केला तर त्याला क्षमा करायची का? तुझ्याइतकं प्रार्थनेतलं माणूस मला दुसरं ठाऊक नाही, तू सांगशील तसं करीन.'

मी लगेच उत्तर लिहिलं होतं. चार पानी. क्षमेवर इतकं सुंदर लिहिलं की पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून वाचावं. दादांना मोठ्या मनानं क्षमा कर, असं लिहिलं. झालं गेलं विसर, असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते पत्र लॉन्ड्रीत नेलं, काउंटरवरच्या डिंकानं पाकीट चिकटवलं आणि ते हातात धरून उभी राहिले.

"काय गं," मावशी मागून म्हणाल्या, "कधीची एकाच जागी उभी आहेस?"

त्यांना गिऱ्हाईक आलेलं दिसत होतं, एवढंच. पण मी ते पाकीट फाडलं.

आता लिहिते. सात वर्षांपूर्वी तू मास्तरांचा करडा कोट धुवायला टाकलास. कोट मी घेतला, खिसे मी केले. आतल्या खिशात कानाच्या डॉक्टरांचा कागद होता. तो मी उघडला आणि वाचला, दोनदा. मास्तरांचं ऐकणं दोन-तीन वर्षांत जाईल असं त्यात होतं. मग घडी होती तशी घातली, पाकिटात ठेवला, चिकटवला. कोट न्यायला आलीस तेव्हा तू म्हणालीस, "बरंय बाई, तुमच्याकडे सगळं सीलबंद मिळतं."

त्या बुधवारी प्रार्थनासभा होती. तुझ्यासाठी माझा जीव तुटत होता, हे खरं आहे, जिराफे. ते खोटं असतं तर मी कदाचित वाचलेही असते. अध्यक्षीणबाईंनी विचारलं, कुणाचा काही विषय? मी म्हटलं, "मास्तरांच्या कानांसाठी प्रार्थना करू या." अकरा बायकांनी मिटलेले डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. कुणालाच ठाऊक नसलेलं मला ठाऊक होतं. किती गोड वाटलं ते तुला सांगता येत नाही. मग मी आणखी सांगितलं. डॉक्टर कोण, किती वर्षं उरली, सगळं. डोळ्यांत पाणी आणून सांगितलं. चहाड्या मी कधीच केल्या नसत्या; मी फक्त विषय दिला.

त्यांतल्या एकीचे यजमान मास्तरांच्या शाळेच्या समितीवर होते. महिन्याभरात समितीनं मास्तरांना कान तपासून आणायला सांगितलं. मग नोकरी गेली. पुढचं तुला माहीत आहे.

तू म्हणालीस, हे फक्त चौघांना ठाऊक होतं. तुम्ही दोघं, डॉक्टर, आणि मास्तरांना गाडीतून घेऊन गेलेले दादा. दादा तुझ्या दारात आले त्या दिवशी मी तुझ्या स्वयंपाकघरात कप पुसत होते. "मी कुणाला सांगितलं नाही गं," ते पायरीवरून तीनदा म्हणाले. मी तिसरा कप पुसत होते. मग तू दार लावलंस. मी बाहेर येऊन तुला जवळ घेतलं, आणि तू माझ्या खांद्यावर रडलीस.

परवा मी दादांकडे गेले. हे पत्र टाकण्याआधी त्यांना सांगायला हवं होतं. ते ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी बूट खाली ठेवला.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

वहिनी त्या सभेत होत्या, जिराफे! अकरांतल्या एक. त्या घरी बोलल्या असतील, हे मला सात वर्षांत सुचलंच नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी दादांना सांगितलं होतं.

"मग तुम्ही तिला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "एका वाक्यात सुटला असता."

"सुटलो असतो," दादा म्हणाले. "रोज वाटायचं, आज सांगू. पण नवऱ्याची नोकरी गेली, कान जाणार, माझ्यावर ती रुसलेली. तिच्याजवळ तेव्हा एकटी तू होतीस. तुलाही काढून घेतलं असतं तर तिच्याजवळ कोण राहिलं असतं?"

मी एका कागदापुढे पाच मिनिटं टिकले नाही, आणि हा माणूस खरं खिशात घेऊन सात वर्षं पायरीवर उभा राहिला. वहिनींचंही बघ, त्यांनी सात वर्षं जीभ आवरली. मला तर ते दादांपेक्षाही अवघड वाटतं.

मी निघाले तेव्हा दादा म्हणाले, "आता जाऊ दे. ती मला भेटली म्हणजे झालं. तू कशाला जुनं उकरतेस?" इतक्या प्रेमानं म्हणाले, आणि मला इतकं हवं होतं ते! मी तिथे थांबले नाही. तडक घरी आले, मास्तरांची वही काढली. ही पानं तिचीच आहेत, तू कागद ओळखला असशील. लिहायला घेतलं पण पुरं झालं नाही. आज उपासनेत प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्हांस परीक्षेत आणू नको' ही ओळ आली, आणि घरी येऊन मी पुन्हा वही उघडली.

तू विचारलंस, दादांना क्षमा करू का. नको करूस. क्षमा करावी असं त्यांनी काही केलेलंच नाही. वहिनींनी पत्ता लिहिलेलं ते पाकीट उघड, आणि मिळेल त्या पहिल्या गाडीनं ये. ते अजून त्याच घरात आहेत. क्षमा तू त्यांची मागायची आहेस.

आणि मास्तरांना हे पत्र वाचायला दे. माझ्याबद्दल ते काय ठरवतील ते त्यांचं, आणि तुझं काय ते तुझं. मी लॉन्ड्रीतच असेन, काउंटरवर, घड्याळाखाली. आलीस तर कप मी पुसणार नाही, दादांच्या घराबाहेर येऊन पायरीवर उभी राहीन. तू दार लावलंस तरी उभी राहीन.

सात वर्षं नको तिथे बोललेली आणि हवं तिथे गप्प राहिलेली,
तुझी
बडबडी