बिनतेलाची फोडणी

आरमोरी, मे २००१

प्रवीणबाबू, तुले तुह्या मोठ्या बहिणीचा आशीर्वाद.

हे पत्र मी टपालात टाकणार नाई. टाकलं तं तू तेलाचा पिपा घेऊन पहिल्याच यष्टीनं येशील, आन मले ते नाई पाह्यजे. तुह्या भाऊजीनं किती दिवस दुसऱ्याच्या जाळ्यानं मासोळ्या धराव्या? स्वतःचं जाळं घ्याचं म्हणून आम्ही महिनाभर घरात तेल आन साखर बंद केली. मासोळी चुलीत भाजून खातो, भाजी नुसती उकडून.

पण शेजारच्या गोकुळाबाईले हे कळू द्याचं नव्हतं. म्हणून मी रोज संध्याकाळी तापल्या कढईत पाणी शिंपडते. असा चर्र आवाज येते का कोणीबी म्हणन, वच्छलाच्या घरी फोडणी पडली!

काल मी अंगणात उभी होती. गोकुळाबाईच्या घरातूनबी तसाच चर्र आवाज आला. वास मात्र जराबी नाई.

थोड्या वेळानं बाई बाहेर आली. मी विचारलं, "आज कायची भाजी केली व?"

"वांग्याची," मान ताठ करून तिनं सांगितलं.

मी म्हटलं, "तरीच! कवाचा वास सुटला."

कोणापुढं हात न पसरणारी,
तुही वच्छलाताई