दारासमोरचा उघडा चौकोन

मी, खाली सही करणारी, गवंड्याची विधवा, धंदा शिवणकाम, हे पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. माझ्यामागे याप्रमाणे व्हावं.

१. राहतं घर माझ्या यजमानांच्या मुलीला. ती त्यांच्या पहिल्या बायकोची. मला मूल नाही. लहानपणापासून ती मला 'नवी आई' म्हणते. तिचे केस पिकले, मी अजून नवीच.

२. घरासोबत अट एकच. दारासमोरच्या भिंतीवर हातभर चौकोन बिनगिलाव्याचा आहे, विटा दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं, त्याची आठवण म्हणून आपल्या ज्यू लोकांत घराचा एवढा भाग अपुरा ठेवतात. यजमानांनी गावभर भिंती गुळगुळीत केल्या आणि आपल्या घरात हा सोडला. तो बुजवू नये. तिथे फोटोही लावू नये, कोणाचाही.

३. मुलीच्या मावशीला तिच्या बहिणीचा, म्हणजे मुलीच्या आईचा, फोटो चौकटीसकट परत द्यावा. माझ्या लग्नानंतर लगेच ती तो घेऊन आली आणि मला न विचारता त्याच विटांत खिळा ठोकून गेली. "ही जागा ताईचीच," म्हणाली. दार उघडलं की समोर ताई. माझा जळफळाट झाला; जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. संध्याकाळी हे कामावरून आले आणि सिमेंटच्या हातांनीच फोटो उतरवला.

"ही जागा घरातल्या कोणाची नाही," म्हणाले. "मंदिराची आहे."

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले. मग लक्षात आलं, म्हणजे माझाही तिथे नंबर नाही.

४. शिलाई मशीन खालच्या मजल्यावरच्या सुनेला. तिची सासू हात लावणार नसेल तरच.

५. बँकेतली शिल्लक प्रार्थनालयात बायकांच्या सज्जातल्या पंख्यांसाठी. मंदिर पडलं त्या दिवशीच्या शोकाच्या उपवासानंतरचे सात आठवडे खाली सांत्वनाचे अध्याय वाचतात. ते सांत्वन आम्ही आजवर वर बसून घामातच ऐकलं.

त्या उपवासाबद्दल एक लिहायचं राहिलं. त्या दिवशी हे चामड्याचे जोडे काढून नुसत्या मोज्यांनी जमिनीवर बसत आणि विलापगीत ऐकताना रडत. माझं ऑपरेशन झालं तेव्हा हा माणूस रडला नव्हता. ताईशी मी बरोबरी करू पाहिली, तिच्याहून बरं शिवलं, तिच्याहून बरं रांधलं. पण सोन्याच्या दारांच्या देवाच्या घराशी बाईने काय बरोबरी करावी? एकदा मी विचारलंच, तुम्ही ते मंदिर पाहिलंय का कधी?

"आजोबांनीही पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. "ते रडायचे. त्यांच्याशेजारी बसून मीही शिकलो."

मुलगी तेव्हा यांच्या मांडीला मांडी लावून बसलेली असे. मी दारात उभी. त्या दोघांत आणि त्या मंदिरात मला कोणी सरकून जागा दिली नाही. मीही मागितली नाही, हे खरं.

६. शेवटचं मुलीला. आईबाप गेले की सात दिवस जमिनीवर बसावं लागतं. सावत्र आईसाठी ते बंधन नाही, हे मी गुरुजींना विचारून घेतलं आहे, तेव्हा कोणी तुझ्यावर जबरदस्ती करू नये. ताईसाठी तू बसलीस, बापासाठी बसलीस. त्यातला वाटा मी मागत नाही. ही अट नव्हे, न पाळल्यास घर तुझंच. पण यरुशलेमच्या ज्या घराची वीटही तू पाहिली नाहीस, त्याच्यासाठी दरवर्षी बसतेस. मला तर तू रोज पाहिलं आहेस.

साक्षीदार: औषधाच्या दुकानाचा मालक (सही)
प्रार्थनालयाचा किल्लीवाला (सही)
लिहून ठेवणार: मुलीची नवी आई (सही)
ठिकाण: राहतं घर, शिवणाचं टेबल
तारीख: सांत्वनाच्या पहिल्या शब्बाथनंतरचा रविवार