रुमालात बांधून आणलेली मुळी

मी, रोपवाटिकेचा आणि तिच्यामागच्या पेरूच्या बागेचा मालक, वय एकाहत्तर, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोकं आज ठिकाणावर आहे. ते कायम ठिकाणावर होतं असा माझा दावा नाही, हे कलम चारवरून कळेलच.

१. राहतं घर मुलाला. जिन्यातली खिडकी मी वीस वर्षं "उद्या दुरुस्त करतो" म्हणत ठेवली, तीही त्याचीच.

२. कुदळ, दोन फावडी आणि छाटणीच्या कात्र्याही मुलाला. अट एकच : फावडं, कुदळ एका ओळीतून दुसरीत नेताना धुवायची. मुळांत शिरून गाठी करणारे सूत्रकृमी डोळ्यांना दिसत नाहीत, चिकटलेल्या मातीतून फिरतात. मुलगा म्हणतो, बाबा हात धुवत नाहीत पण फावडं धुतात. म्हणू दे.

३. खताच्या दुकानदाराला काहीही देऊ नये. मी निंबोळी पेंड मागितली की हा दाणेदार विष पुढे करून "एकदा टाका आणि विसरा" म्हणायचा. मी त्याला विसरलेलो नाही.

४. बागेचा विहिरीकडचा अर्धा भाग, एकशे दहा झाडांसह, माझ्या धाकट्या बहिणीला. ही भेट नव्हे. भेट मी तिला एकदा दिली होती, आणि तीच तिला नडली.

सोळा वर्षांपूर्वी तिने बाग लावली तेव्हा दोनशे रोपं माझ्या वाफ्यातून भेट म्हणून गेली. दोन वर्षांत पानं पिवळी पडली. एक मुळी रुमालात बांधून ती माझ्याकडे आली. मुळीवर गाठीच गाठी होत्या. समोर गिऱ्हाईक बसलं होतं. मी म्हणालो, "अगं, घेवड्याच्या मुळांना नसतात का गाठी? चांगल्याच असतात. पाणी वेळेवर दे."

"दादा, नक्की ना?"

"आता तू मला शिकवणार?"

घेवड्याची गाठ नखाने अलगद सुटते. ही सुटत नाही, ती मुळाचीच सूज असते. मी नख लावून पाहिलंच नाही.

चौथ्या वर्षी तिने झाडं उपटली, जमीन विकली आणि शहरात शिवणकाम धरलं. तिला पाणी देणं जमलं नाही, असं मी चारचौघांत सांगत राहिलो. पुढच्या वर्षी माझीच झाडं पिवळी पडली. माती तपासणाऱ्या बाईंनी मुळी पाहताच सांगितलं की सूत्रकृमींचा हा रोग वाफ्यातून रोपांबरोबर गेला. मी वाफा गुपचूप मोडला आणि तोंडाला कुलूप लावलं, कारण माझी रोपं मग कोणी घेतली नसती. माझी बाग वाचली. धाकटी अजून फोनवर आधी झाडांची चौकशी करते आणि म्हणते, "मला नाही बाई जमलं पाणी." मी गप्प बसतो. याची मला फार लाज वाटते.

५. तिच्या झाडांना दर वर्षी बुंध्यापासून हातभर दूर, झाडामागे दोन किलो निंबोळी पेंड आणि दोन टोपल्या चांगलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळावं. ओळींमध्ये झेंडू लावावा. कृमी संपत नाहीत, आवरतात. दर वर्षी करावं लागतं, कंटाळा चालत नाही. तिला कंटाळा कधीच नव्हता.

६. तो रुमाल ती टेबलावर विसरली होती. कपाटात वरच्या कप्प्यात आहे. मुळीसकट तिला द्यावा.

सही करण्याआधी जोडलेला मजकूर : माती तपासणाऱ्या बाई साक्षीला आल्या, सगळं वाचलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काका, हे तिने तुम्ही गेल्यावर वाचायचं? मग भांडायचं कुणाशी?" सबब या कागदाची नक्कल आणि तो रुमाल आजच तिला पाठवत आहे. कलम सहा रद्द.

ठिकाण : रोपवाटिकेतलं टेबल. छाटणी संपल्यानंतरचा दुसरा सोमवार, सकाळी अकरा.

लिहून ठेवणार : दादा (सही)

साक्षीदार १ : माती तपासणाऱ्या बाई (सही, आता केली)

साक्षीदार २ : पोस्टमन (सही केली, पाकीट घेतलं, निघाले)