आमच्या शेततळ्याचा राक्षस

शनिवार, १२ एप्रिल २०२५

राक्षस पळाला!

शिवांगी, म्हणजे माझी नणंद, नांदेडला सिनेमाचं शिकते. परीक्षेसाठी पिच्चर काढून राहिली. खोल समुद्रात पाणबुडी अडकते, आत तिघं जण, बाहेर राक्षस. समुद्र म्हणजे आमचं नायगावचं शेततळं. पाणबुडी म्हणजे पाण्याची काळी टाकी. राक्षस व्हायला देगलूरचा महांतेश आणला होता, पट्टीचा पोहणारा म्हणे. पाण्यात एक दिवड, साधा पाणसाप, दिसला अन् गडी ओल्या चड्डीवर थेट बसस्टँड!

शिवांगी रडायलाच लागली. येत्या शनिवारी पिच्चर दिला न्हाई तर वर्ष गेलं. मग सासूबाई ठरलेलं बोलणार – "बस झालं शिक्षण, आता पाहुणे बघू."

मी पटकन बोलून गेले – मला पोहता येतं.

रविवार, १३ एप्रिल

चौदा वर्षं झाली पाण्यात उतरून! माहेरी पाठीला डबा बांधून शिकले, मग डब्याशिवाय विहिरीत धपाधप उड्या. लग्नाच्या वर्षी इथल्या विहिरीत एकदाच उतरले. सासूबाई काठावर उभ्या. "वर ये. लग्न झालेल्या बाईनं पाण्यात हुंदडू न्हाई." संपलं.

आता त्यांना कळलं तर शिवांगीचं शिक्षण बंद, अन् माझी काही धडगत न्हाई. भुईमुगाला पाणी द्यायला जाते म्हणून सांगितलंय.

सोमवार, १४ एप्रिल

झाले राक्षस! अंगावर खताच्या गोण्या, काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, डोळ्यांच्या जागी चहाच्या दोन गाळण्या. पाय तेवढे उघडे, पोहायला मोकळे पाहिजेत.

कॅमेऱ्यावरचा अमान ओरडला, "भाभी, जरा गुस्से में आओ!"

गुस्सा? चौदा वर्षांचा साठवलाय बाबा! टाकीवर अशी थाप हाणली की आतली तिघं खरीच किंचाळली.

पाण्याखाली किती शांत असतं. विसरलेच होते मी. लई आनंद झाला, अन् त्या आनंदात रडूबी आलं.

मंगळवार, १५ एप्रिल

केस वाळेनात. सासूबाई – "भुईमुगाला पाणी देतीस का डोक्याला?" मेले!

रविवार, २७ एप्रिल

शिवांगी पास! दुपारी शाळेत पिच्चर दाखवला, खिडक्यांना चादरी लावून. राक्षस आला तशी पोरं आयांच्या पदरात घुसली. मी मनातल्या मनात फुशारून बसलेली.

तेवढ्यात पडदाभर राक्षसाचे पाय. अन् बोटांत – माझ्या चांदीच्या मासोळ्या! लख्ख!

मासोळ्या काय, जोडवी काय, सवाष्णीनं पायातून काढायची नसतात. शूटिंगपुरत्या काढाव्यात हे डोक्यातच आलं न्हाई. शेजारची नागम्मा ओरडली, "अगं बया, राक्षसाचं लगीन झालंय!" शाळा हसून लोळली. बाया एकमेकींचे पाय बघू लागल्या. मी माझे साडीत ओढून घेतले.

पण त्या मासोळ्या सासूबाईंनीच लग्नात निवडून घेतलेल्या. त्यांनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पदर खोचून तरातरा घरी निघाल्या. रात्री शिवांगीचं अन् माझं ताट तसंच राहिलं.

सोमवार, २८ एप्रिल

सकाळी चहा ठेवला. सासूबाई बशीत ओतता ओतता म्हणाल्या, "पाय लई आपटतीस. अशानं दम लवकर जातो."

मी परत पाय साडीत ओढले.

"शिवांगीला म्हनावं, दुसरा भाग काढ. या खेपेला राक्षस मी होनार. तुझे सासरे गेले तवाच माझी जोडवी उतरली – माझ्या पायावरून कोन वळखतंय?"