मंदाची ओवाळणी

८ ऑगस्ट
डेंग्यू असेल म्हणून ह्यांचं रक्त तपासलं. दुपारी लॅबमधून फोन, आजच डॉक्टरांना भेटा. डॉ. रिपोर्टकडे बघत म्हणाले, "ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर." शाळेत मी स्पेलिंगमध्ये पहिली यायची. तर स्पेलिंगच डोळ्यांसमोर आलं, एकेक अक्षर. बाकी काहीच नाही. हे शेजारी बसून, "ताप हाय हो नुसता. गोळी द्या."
परत येताना मानकोली नाक्यावर ट्रक अडकलेले. हे म्हणाले केळी घे. घेतली. कॅन्सर, आणि केळी.

९ ऑगस्ट
सकाळी जाग आली तेव्हा काही आठवतच नव्हतं. मग आठवलं. दोन कप चहा ओतला आणि दोन्ही मीच प्यायले. उद्या ॲडमिट.

९ सप्टेंबर
केमोची पहिली फेरी संपली, घरी आणलं. पांढऱ्या पेशी अजून कमीच. कच्चं नको, फुलं नकोत, माणसं नकोत. पण गाव भेटायला येतंय. सगळ्यांना ओट्यावरच थांबवते. आज शेजारच्या काकी मोठ्यानेच, "कॉन्व्हेंटवाली ना, माणसांना दारात उभी करते." ह्यांनी आतून ओरडून सांगितलं, "काकी, सुकट आणली असंल तर आत ये!" सगळे हसले. मग ह्यांना ढास लागली.
केस उशीवर राहतात. मी झटकते. लग्न होऊन आले तेव्हा ह्या खिडकीतून भाताची शेतं दिसायची आणि हे बांधावरून हात करायचे, सासूबाईंना दिसणार नाही असा, कमरेजवळून. आता गोडाऊनची भिंत.

२९ सप्टेंबर
रोग दबलाय. पण परत येऊ शकतो, नुसत्या औषधांवर भरवसा नाही, असं डॉ. म्हणाले. भावंडाच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, जुळल्या तर त्या ह्यांना देता येतील. आम्हाला मूल नाही. ह्यांची भावंडं दोनच. वसंतभावजी, इथेच पलीकडे राहतात. आणि सगळ्यांत धाकटी मंदा, पडघ्याला दिलेली. दोघांनी तपासणीला रक्त दिलं.

१३ ऑक्टोबर
भावजींचं जुळलं नाही. मंदाचं जुळलं! पूर्ण. फोनवरच रडले. धावत आत जाऊन सांगितलं.
"न्हाय."
"काय नाही?"
"बहिणीला द्यायचं असतं. तिचं घ्यायचं न्हाय."
वाटलं, थट्टा. थट्टा नव्हती.
सासूबाईंचा नियम. मंदाकडे जाताना तांदूळ, सुकट न्यायची. येताना तिने पिशवीत दोन वांगी टाकली तरी हे एसटीत बसण्याआधी काढून तिच्या हातात परत. मंदा चिडायची, मी हसायची. इतकी वर्षं हसले.

१५ ऑक्टोबर
समजावलं. हाडं फोडत नाहीत, तिला काही दिवस इंजेक्शनं देतात, मग रक्तातूनच पेशी काढतात. प्लेटलेट्स घेतल्याच ना तुम्ही?
"त्या परक्यांच्या. ही बहीण हाय."
"मग मरायचं चालेल?"
भिंतीकडे तोंड केलं.
बाहेर भावजी म्हणाले, "वहिनी, माझंच जुळलं म्हणून सांगू त्याला." मी लगेच हो म्हटलं. खोटं बोललं की आमच्या सिस्टर चॅपेलमध्ये गुडघ्यांवर बसवायच्या. बसेन.
मंदाला फोन केला. भडकली. "मी काय चोरटी हाय, वहिनी? लपून कशाला देऊ? त्याच्या तोंडावर देईन. भाऊबीजेला येते."

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
मंदा आली. मास्क लावून, हात धुऊन, खोलीच्या उंबऱ्यातच उभी. धूर नको म्हणून निरांजन ओट्यावर ठेवलं आणि नुसत्या सुपारी-अंगठीने लांबूनच ओवाळलं. ह्यांनी उशीखालून पाकीट काढलं. तिने हात मागे घेतले.
"ते नको. दरसाल इचारतोस काय पायजे, मी म्हणते काय पन दे. यंदा मागते."
"माग."
"माझं घे."
पाकीट ह्यांच्या हातातच.
"अशी ओवाळणी कोन मागतं गं?"
"मी मागते. भाऊबीजेला रिकामी परत लावशील, दादा?"
ह्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच तिला पढवलंय. ती ओवाळणीतच हे मागेल, खरंच मला माहीत नव्हतं. मंदाने ताट उंबऱ्यात ठेवलं. "ओवाळणी पडल्याबिगर उचलायचं न्हाय, वहिनी." गेली. चहासुद्धा न घेता.

२५ ऑक्टोबर
ताट तिथेच. ओलांडून जाते-येते. डॉ. म्हणाले सोमवारपर्यंत कळवा, थांबण्यात धोका आहे. ह्यांच्याशी तो विषय काढायची हिंमत नाही. दुपारी पेज भरवत होते. अर्धी झाल्यावर हात बाजूला केला.
"मंदी शाळेत लस टोचायला नर्स आली की पावट्याच्या वेलात लपायची. मीच वढून न्यायचो."
मी वाटी खाली ठेवली.
"डॉक्टरला इचार, तिला किती दुखंल."
"विचारते. मग हो सांगू?"
"आधी इचार."
फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला. पेज निवली. हे उंबऱ्याकडे बघतायत. पुन्हा लावते.