पावणं म्हणजे कोण

१२ जाने., कसबा बावडा

वाळत घातलेल्या पांढऱ्या ओढणीवर साखर कारखान्याची काजळी. हंगाम संपेपर्यंत असंच चालायचं. पुन्हा धुतली.

पहिला सिनेमा चालला म्हणून आता त्याच्या आधीची गोष्ट हवी आहे. खुनी खुनी कसा झाला. पहिला मीच लिहिलेला, म्हणून हाही माझ्याकडे. दिग्दर्शक मात्र नवा. शशांक, पुण्याचा, मला ताई म्हणतो. फोनवर पाऊण तास. त्याला खुन्याचं बालपण हवंय, म्हणजे दारुडा बाप, पट्ट्याचे वळ. मी म्हटलं, असली मुलं मोठी झाल्यावर बहुधा नुसती गप्प होतात.

"गप्प माणसाला बघायला कोण येणार, ताई?"

१५ जाने.

पहिल्या सिनेमातला खुनी दारात आलेल्याला तांब्या देतो आणि म्हणतो, "पावणं, पाय धुवा." मग काय होणार ते प्रेक्षकांना ठाऊक. थिएटरात शिट्ट्या पडायच्या.

शशांकनं आज गंभीरपणे विचारलं, मेलेले सगळे त्याचे नातेवाईक होते का? पाहुणे म्हणतो ना तो त्यांना.

खूप हसले. त्याला सांगितलं, आमच्याकडे स्टँडवर रस्ता विचारणाराही पावणं आणि जावईही पावणंच.

"मग कोण कुठला, कळायचं कसं?"

"आवाजावरून," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि हसू गेलं. का, ते दुपारपर्यंत कळलं नाही.

१६ जाने.

ते वाक्य माझं नाही. आत्तीचं आहे.

आत्ती म्हणजे वडिलांची बहीण. आई गेल्यावर तिनंच मला शिरोळला वाढवलं. आता इथे माझ्याजवळ असते. पुराच्या वर्षी मी सात वर्षांची. एक माणूस गुडघ्यापर्यंत चिखलात दारात उभा. आत्तीनं तांब्या पुढे केला आणि ते वाक्य म्हणाली. नंतर तो माणूस कधी दिसला नाही. आडोशाला आलेला कुणी वाटसरू, असं मी आजवर धरून चालले होते.

पण तो आवाज. अनोळखी माणसाशी आत्ती तशी बोलत नाही. मला घरी यायला उशीर झाला की ती दार उघडून म्हणते ना, "या, पावणं." तो आवाज.

१९ जाने.

शेजारच्या वहिनी हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. आत्ती नेहमीसारखी आत जाऊन बसली.

काका, म्हणजे आत्तीचा नवरा, मुंबईला गेले ते परत आलेच नाहीत, असं घरात सांगतात. मेल्याचा निरोप कधीच आला नाही. ते गेल्यावरही आत्ती कितीतरी वर्षं कुंकू लावायची. पुराच्या वर्षी सोडलं. बायका विचारायच्या. ती म्हणायची, "करंडा पुरात गेला."

हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. दुसरा करंडा का आणला नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

२३ जाने.

प्रसंग लिहिला. सहा पानं. खुनी लहान आहे, आईबरोबर नदीकाठच्या घरात. बाहेर पाणी चढतंय. एक माणूस येतो, जेवायला बसतो. आई बाहेरून कडी घालते आणि पोराला घेऊन निघून जाते. माणूस दार बडवतो, किंचाळतो.

विचारायचं धाडस झालं नाही. म्हणून लिहिलं.

२४ जाने.

दुपारी आत्ती मेथी निवडत होती. म्हणाली, "काय लिवालीस, वाच की." वाचलं. नावं बदललेली, शिरोळ कुठे नाही. ती काड्या बाजूला करत ऐकत होती. संपल्यावर निवडलेली मेथी टोपलीत टाकली. मग म्हणाली,

"किचाळला न्हाई त्यो. हळू हाक मारालता."

कोण, विचारायचं होतं. विचारलं, कुणाला?

"तुला. सुमे, कडी काढ, म्हणत हुता. मी तुला सुमे म्हणलेलं ऐकलंवतं न्हवं त्यानं."

२५ जाने.

काकाच होते. आत्तीनं नाव घेतलं नाही, पण "सा वर्सानं आला" म्हणाली. मी विचारलं, मारायचे का तुला? नाही. दारू? नाही.

"मग?"

"सा वर्सानं आला. जेवाय बसला. पयल्या घासाला म्हणला, मीठ कमी हाय."

एवढंच. आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

शशांकला हे सांगितलं तर तो म्हणेल, ताई, थोडं अजून...

२७ जाने.

आज सरळ विचारलं. आत्ती, कडी घातलीस तेव्हा पाणी कुठवर आलं होतं?

तिनं माझ्याकडे बघितलं. इतक्या मायेनं की मला भीती वाटली.

"कडी तू घातलीस."

मग सावकाश सगळं सांगितलं. आमचं घर नदीकडचं, शेवटचं. माणसं न्यायला ट्रॅक्टर दारात आलेला, भोंगा वाजत होता. काका म्हणाले, तुम्ही चढा, जेवून येतो. आत्ती भाकरीचं गाठोडं घेऊन पुढे. मी मागून पळत आले. घरातून बाहेर पडताना कडी घालायचं काम माझंच होतं, रोजचं. घालून आले. आत माणूस आहे हे लक्षात राहिलं नसेल.

मातीचं घर. पाणी ओसरल्यावर तिथं नुसता चिखल होता, एवढं मलाही आठवतं.

"आणि तू?"

"मी बघितलं की. हाकबी ऐकली. मी ट्रॅक्टरात बसलो."

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी बसलो, मी गेलो. आत्तीची वाक्यं मी जशीच्या तशी खुन्याच्या तोंडी घातली. एक अक्षर बदलावं लागलं नाही.

हाक मला आठवत नाही. हे खरंच आठवत नाही, की...

२९ जाने.

मीठ घातलं. हळू हाक घातली. प्रसंग आता चांगला झालाय. हे लिहायची लाज वाटतेय, पण झालाय.

कडीच्या जागी लिहिलं, "दाराला कडी लागते." पाठवलं.

३१ जाने.

शशांकचा फोन. अंगावर काटा आला म्हणाला. मिठाला हरकत घेतली नाही, तसंच ठेवायचं म्हणे. फक्त एकच शंका.

"कडी लागते म्हणजे? आपोआप लागते? आई घालते की पोरगा? ताई, जो कडी घालतो त्याचाच सिनेमा आहे हा."

सोमवारपर्यंत कळवते म्हटलं.

आत्ती आतून, "काय म्हणतोय त्यो पुण्याचा?"

सांगितलं. कडी कुणी घातली, विचारतोय.

पोह्यांना फोडणी दिल्याचा आवाज आला. मग ती पदराला हात पुसत दारात आली.

"माझं नाव घाल," म्हणाली. "तू लहान हुतीस."

संध्याकाळपासून कागद पुढ्यात आहे. अजून कुणाचंच घातलेलं नाही.