झोळी की प्लेट

अहो,

सप्रेम नमस्कार. अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नका. लेकीच्या बाथरूममध्ये घसरले आणि उजव्या बाजूचं कॉलरबोन मोडलं. काळजीचं कारण नाही, जेवण व्यवस्थित आहे.

डॉक्टर म्हणाले, "आजी, हात झोळीत ठेवलात तर हाड बहुतेक जुळेल, जरा वाकडं. प्लेट घातली तर जुळण्याची खात्री जास्त, पण भूल आणि जखम आलीच. वर्षभराने दोन्हींत फारसा फरक राहत नाही. तुम्हीच ठरवा."

निवृत्त मुख्याध्यापिकेला आजी म्हणतात. मी म्हटलं, "मी काय इथे वांगी निवडायला आलेय?"

लेक प्लेट म्हणते, जावई झोळी म्हणतात. दोघांना गप्प केलं. पण कूस बदलली की आत हाड सरकतं, आणि प्लेटचा विचार केला की भुलीतून जागच आली नाही तर, एवढंच मनात येतं. मग तुमचं कोण बघणार? गोळ्या वेळेवर घेता ना?

फोनवर लेक शेजारी असते, म्हणून लिहिते. पत्र पोचताच फोन करा. नेहमीसारखं 'तुला पटेल ते कर' म्हणू नका. जन्मभर तुमचं एक ऐकलं नाही. या वेळी काय ते ठणकावून सांगा, मी निमूट ऐकेन.

तुमचीच,
मी